नाणेघाटातले आभार

गोपाळकृष्ण साठ्यांना कुणाचे आभार मानायची सवय नव्हती. पोस्टाच्या खिडकीमागे सगळा जन्म गेलेला, आणि आभार मानायचे ते खिडकीपुढच्याने, मागच्याने नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला ती शोभूनही दिसायची. पण गेलं वर्षभर एकीचे आभार त्यांच्या घशाशी येऊन अडकून बसले होते, आणि ते काही केल्या बाहेर पडत नव्हते.

त्यांच्या पोटात सध्या जी किडनी इमानेइतबारे काम करत होती ती रशीदाभाभींची होती. आणि भाभींचे यजमान शमशुद्दीनभाई, बुधवार पेठेतले रेडिओ दुरुस्त करणारे, ते हिंडतफिरत होते गोपाळरावांच्या बायकोच्या, हेमाच्या किडनीवर. दोन्ही नवऱ्यांच्या किडन्या कामातून गेलेल्या, दोन्ही बायका आपली द्यायला तयार, पण आपापल्या नवऱ्याशी रक्तगट जुळेना. जुळला तो एकमेकांच्या नवऱ्याशी. मग डॉक्टरांनी अदलाबदल सुचवली आणि तोवर एकमेकांचं नावही माहीत नसलेली चार माणसं एकाच दिवशी ऑपरेशन थिएटरात गेली. आता दोन्ही घरं महिन्याला एकमेकांचे रिपोर्ट फोनवर वाचून दाखवत, आणि किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन कुणाचं जरा वर गेलं की दोन्हीकडे जेवण गोड लागत नसे.

वर्ष सुखरूप पार पडलं म्हणून जुन्नरला जायचं ठरलं. बेत शमशुद्दीनभाईंचा.

"शिवनेरी खालूनच बघू," ते म्हणाले, "गड चढायचं आपलं वय गेलं. सौदागर घुमट बघू, मग नाणेघाट. तिथे गाडी वरपर्यंत जाते."

आज बोलायचंच, असं गोपाळरावांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. 'रशीदाभाभी, आपले उपकार मी या जन्मी विसरणार नाही.' चाकणच्या ट्रॅफिकने त्यांना ते घोटून पाठ करायला भरपूर वेळ दिला.

पहिली संधी आली घुमटात. शेताच्या मधोमध उभा असलेला तो दगडी मकबरा, आत गारवा, माणूस नाही. हेमा आणि शमशुद्दीनभाई बाहेर भिंतीवरचं कोरीवकाम बघत होते. गोपाळरावांनी घसा खाकरून "रशीदाभाभी, आपले" एवढं म्हटलं, तर घुमटाने ते त्यांच्याच आवाजात वरून परत म्हणून दाखवलं. गोपाळराव जागच्या जागी ओशाळले.

"काय म्हणत होता, गोपाळभाऊ?" भाभींनी विचारलं.

"काही नाही. बांधकाम चांगलं आहे."

गावात मासवडीच्या पाट्या बघून दोघा पुरुषांनी लांब उसासे टाकले. बाहेरचं खायचं नाही हा डॉक्टरांचा हुकूम, आणि तो अमलात आणायला दोन बायका समर्थ होत्या. झाडाखाली सतरंजी टाकून घरच्या पोळीभाजीवर जेवण झालं. शमशुद्दीनभाई पाटीकडे पाठ करून बसले.

नाणेघाटात डिसेंबर असूनही दुपारचं ऊन चांगलंच चटकत होतं. जुन्या काळी जकातीची नाणी टाकत म्हणतात तो भलाथोरला दगडी रांजण बघून झाला, गुहेपर्यंतच्या पायऱ्या उतरून झाल्या. वर येताना मात्र गोपाळरावांना भोवंड आली. ते कातळाच्या सावलीत मटकन बसले. पाठीमागून येणाऱ्या रशीदाभाभींनी त्यांचं तोंड पाहिलं आणि मग त्यांच्या हातातली बाटली पाहिली. ती भरलेलीच होती.

हे पुण्यातल्या कुठल्याही डायलिसिसवाल्याच्या घरी समजेल. मशीनवर असताना पाणी बंद. दिवसभराचं पाणी छोट्या वाटीने मोजून, तेही जपून जपून, जिभेपुरतं. नवी किडनी बसली की उलट, भरपूर प्यायचं. पण गोपाळरावांच्या हाताला वाटीचीच सवय राहिली होती. सकाळपासून ते नुसते ओठ ओले करत होते.

"ही माझी आहे ना आत?" भाभी म्हणाल्या. "मग तिला तहानलेली ठेवायची नाही. प्या. सगळी."

ते मुकाट्याने प्यायले. थोड्या वेळाने डोळ्यांपुढचं फिरणं थांबलं, आणि त्या धिराने वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

"रशीदाभाभी, आपले उपकार मी या जन्मी विसरणार नाही."

भाभी शेजारच्या दगडावर बसल्या. "गोपाळभाऊ, राग मानू नका. मी तुमच्यासाठी नाही दिली. तेव्हा तुम्ही माझे कोण होता? मी दिली ह्यांच्यासाठी." त्यांनी रांजणापाशी फोटो काढणाऱ्या शमशुद्दीनभाईंकडे बोट केलं. "तुमच्यासाठी जिने दिली ती तिकडे बसली आहे. तिला म्हणालात कधी?"

घरातल्या घरात कसले आभार, हे गोपाळरावांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं, इतकं ते सगळ्यांना मान्य होतं. हेमा ऑपरेशननंतर थोड्याच आठवड्यांत ओट्याशी उभी राहून त्यांचं पथ्याचं करू लागली होती. ती बरी आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

हेमा कड्याच्या कठड्यापासून थोडी आत, कोकणाकडे तोंड करून बसली होती. ते शेजारी जाऊन बसले.

"गोळी घेतलीत?" तिने विचारलं.

"घेतली. हेमा, तुझं ऑपरेशनचं दुखतं का गं अजून?"

तिने वळून बघितलं. "थंडीत दुखतं. उठता-बसताना."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

पाठ केलेलं वाक्य इथे चालणार नव्हतं, ते दुसऱ्या कुणासाठी केलेलं होतं. घाटातला वारा कानात भरत होता. गोपाळरावांनी खाली बघत म्हटलं, "मी आहे तो तुझ्यामुळे आहे. फार केलंस माझ्यासाठी."

हेमाचे डोळे भरून आले.

"वाऱ्यात ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं.