पेटीवरचे रविवार

हनुमंतराव नागापूरच्या एका कारखान्यात प्रेसखात्यावर होते. पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या धडधडीत कान तिथंच गेले, पण ते कळायला निवृत्तीनंतरची बरीच वर्षं जावी लागली. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिली आणि समोरासमोर बोललेलं पुन्हा समजू लागलं. त्याच आनंदात सावेडीतल्या घरी येऊन त्यांनी तोडी रागाचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि लगेच बंद केलं. तानपुरा पत्रा घासल्यासारखा वाजत होता. गायकाचा षड्ज भलत्याच जागी लागत होता.

"ही यंत्रं बोलणं ऐकायला आहेत," ते परत दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले. "गाण्याचं काही सांगता येत नाही."

पत्नी राजेश्वरी गेल्यापासून घरात ते एकटेच होते. मुलगा पार्थ पुण्यात. तो फोनवर "कान कसे आहेत?" विचारायचा, ते "छान" म्हणायचे. आजवर घरात दुसरं कुणी नसलं तरी गाणं होतं. आता तेही नव्हतं.

रेडिओवरून आणि मैफलींतून कॅसेटवर उतरवलेलं, मग हळूहळू कॉम्प्युटरवर चढवलेलं सगळं गाणं तिथं विस्कळीत पडून होतं. निदान ते नीट लावून ठेवावं, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक फाइलला कलाकार, राग, ताल, साल. ज्या कॅसेटींवर काही लिहिलेलं होतं, त्यांचं काम भराभर झालं. मग नाव नसलेल्या फाइली उरल्या. पूर्वी दोन-चार स्वरांतच त्यांना राग कळायचा. आता आलाप आणि मिक्सर यांत फारसा फरक वाटत नव्हता. पार्थने मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. त्या ॲपने एका विलंबित ख्यालाला लग्नातलं गाणं ठरवलं.

वरच्या मजल्यावर वृषाली भाड्याने राहायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, रोज स्कूटरवर जायची-यायची. तिचं सामान टेम्पोतून उतरलं तेव्हा त्यात हनुमंतरावांनी एक बाजाची पेटी पाहिली होती. तिचे वडील सोपान कोल्हारला भीमगीतांच्या पार्टीत ती वाजवायचे. ते वारल्यावर पेटी हिच्याकडं आली. एका रविवारी हनुमंतरावांनी तिला पेटी घेऊन खाली बोलावलं.

"काका, मला रागातलं काही कळत नाही."

"राग मी बघतो. तू फक्त कानाला येईल ते पट्ट्यांवर वाजव."

तिने हेडफोन लावला, थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि काळी एकवर षड्ज धरला. मग गायकाच्या मागोमाग तिचं बोट जाऊ लागलं. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम. पंचमाची काळी पट्टी प्रत्येक वेळी वगळली जात होती.

"कुठं जास्त थांबतोय?"

"इथं," तिने धैवत दाबून धरला.

"मारवा," हनुमंतराव म्हणाले. पण टाइप करायला त्यांचा हात उठला नाही. ते तिची बोटंच पाहत राहिले. पेटीचा आवाज त्यांना वेडावाकडाच येत होता, पण बोटं पाहता पाहता त्यांच्या डोक्यात मारवा अगदी खरा वाजू लागला होता. असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

मग रविवारची सकाळ ठरूनच गेली. ते चहा करून ठेवायचे, ती पेटी घेऊन यायची. एकदा मात्र बिनसलं. पुढच्या-मागच्या फाइलींवरून एक गाणं मुलतानीच असणार, अशी त्यांची खात्री होती. तिचं बोट सारखं शुद्ध गंधारावर जात होतं.

"कोमल लाव."

तिने लावला. पुढच्या आवर्तनात पुन्हा शुद्ध.

"कोमल, वृषाली. नीट ऐक."

तिने हेडफोन काढला. "काका, ऐकू येतं ते वाजवू, का तुम्हाला हवं ते?"

ती चहा न घेताच वर गेली. संध्याकाळी जिना चढून ते तिच्या दारात उभे राहिले. "ऐकू येतं तेच वाजव," एवढंच म्हणाले. त्या फाइलीपुढचा रागाचा रकाना त्यांनी कोराच ठेवला.

मे महिन्यात वृषालीची बदली झाली, कोल्हारजवळच्याच शाळेत. तिला घरून जाता येणार होतं, आईजवळ राहता येणार होतं. हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. "चांगलं झालं," हनुमंतराव म्हणाले, आणि तोवर लावून झालेलं सगळं गाणं एका हार्ड डिस्कवर भरून त्यांनी तिला दिलं.

दोन रविवार तिने व्हिडिओ कॉल करून पाहिला. पट्ट्या दिसतील असा मोबाईल पेटीवर टेकवायची आणि ते इकडून लावतील ती फाइल ऐकून वाजवायची. चित्र मध्येच गोठायचं, बोट एका पट्टीवर अडकून राहायचं. मग मेसेज यायचा, 'रेंज गेली काका.' तिसऱ्या रविवारी तिला शाळेचं काम निघालं. त्यानंतर त्यांनीच लिहिलं, 'राहू दे. दिवाळीत आलीस तर बघू.'

दिवाळीत ती खरंच आली, आई भामाबाईंना घेऊन. पेटी आणली नव्हती. हनुमंतरावांनी आतल्या खोलीत कॉम्प्युटर सुरू करून ठेवला होता, टेबलाजवळ दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"लई सांगती तुमचं," भामाबाई म्हणाल्या. "आता रोज राती त्येच गाणं लावती घरात. झोपू देत न्हाई."

"कोणतं लावतेस?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही," वृषाली म्हणाली. "आता नाव बघायच्या आधी थोडं थोडं कळतं, काका."

त्यांनी मान डोलावली. भामाबाईंना उजेडातली एसटी गाठायची होती. चिवडा आणि करंज्यांचा डबा ठेवून दोघी उठल्या. हनुमंतराव फाटकापर्यंत गेले, रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले.

मग आत येऊन त्यांनी एक खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि कॉम्प्युटर बंद केला.