चार्जिंगपुरते पाहुणे

गोंडपिपरीचे बाबूभाई कुकर, मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचे. दुकान असं नव्हतं, जे काही होतं ते स्कूटरवर. मागे हत्यारांची लोखंडी पेटी आणि पुढे हँडलला बांधलेला एक लहानसा भोंगा. त्या भोंग्यातून त्यांच्या मुलीचा, रूहीचा, टेप केलेला आवाज गावोगाव फिरायचा. स्वतः बाबूभाईंना बोलण्याचा कंटाळा. काम करायचं, पैसे घ्यायचे आणि पुढचं घर गाठायचं. कोणी चहाला थांबा म्हटलं, की "पुढल्या खेपेले" म्हणून गाडी सुरू करणारा माणूस.

पेट्रोलला वैतागून त्यांनी बॅटरीची स्कूटर घेतली. पहिले काही दिवस पेट्रोल पंपासमोरून जाताना ते मुद्दाम गाडी हळू करायचे, पंपावरच्या माणसाकडे पाहायचे आणि पुढे जायचे. मग लाइट बिल आलं. शंभर युनिटच्या आत राहणारं घर शंभराच्या बरंच वर गेलं होतं, आणि वरच्या युनिटांना दर वेगळा लागतो हे स्कूटर विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. पुढच्या बिलात तर दरच वाढून आले. बाबूभाई पंपासमोरून आता मान खाली घालून जाऊ लागले.

त्यांची बायको शमीम. घर तिच्या आईकडून तिला मिळालेलं, त्यामुळे मीटरही तिच्याच नावाचं. तिनं दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा लावून पाहिली, आणि जेवण झाल्यावर शांतपणे निकाल दिला.

"गाडी तुमची, मीटर माझं. जुम्म्याच्या दिवशी घरी लावा. बाकी दिवस तुमचं तुम्ही पाहा."

"मी कुठी पाहू?"

"इतक्या गावांत फिरता. एकाही घरी प्लगचा बोर्ड नाई काय?"

बोर्ड होते. बाबूभाईंनी मग नवीन रीत सुरू केली. ज्या घरी काम निघेल तिथे मजुरी घ्यायची नाही, त्याऐवजी गाडी चार्जिंगला लावायची. लोक खूश झाले. अडचण एकच होती. कुकरची रिंग बसवायला पाच मिनिटं लागत आणि बॅटरी भरायला अर्धा दिवस. तोवर बाबूभाईंनी करायचं काय? बसायचं.

ते बसू लागले, आणि बसलेल्या माणसाला कोणी रिकामं राहू देत नाही. कुठे त्यांच्या मांडीवर तान्हं मूल आलं, कुठे समोर वालासारख्या पोपटाच्या शेंगांनी भरलेलं सूप आलं आणि सोलता सोलता सासूची तक्रार ऐकावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याच सासूच्या बहिणीकडे गाडी लागली, तिथे त्याच तक्रारीची दुसरी बाजू ऐकली. कोणाचं लोणचं खारट झालं, कोणाचा जावई रुसला, कोणाच्या धानात रानडुकरं शिरली, सगळं बाबूभाईंच्या कानावर पडू लागलं. दोन महिन्यांत, एक शब्द न विचारता, ते तालुक्यातले सगळ्यात माहीतगार गृहस्थ झाले. घरी शमीमला मात्र ते काही सांगत नसत. सांगायची सवयच नव्हती.

बोरगावच्या नानाजींच्या घरी त्यांचा मंगळवार ठरलेला होता. नानाजी धान आणि थोडा कापूस पिकवणारे, अंगानं धिप्पाड, मनानं घाबरट. त्यांची बायको गुणाबाई बोलायला आणि वाढायला सारखीच मोकळी. एकुलती मुलगी चंचल गोंडपिपरीला कॉलेज करून घरी आलेली. त्या मंगळवारी बाबूभाईंनी छपरीतल्या बोर्डाला गाडी लावली, तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि नानाजी इस्त्रीच्या शर्टात दारात उभे होते.

"पाहुणे येऊन राह्यले," गुणाबाई म्हणाली. "पोंभुर्ण्याचे. चंचलले पाहाले."

"मंग मी निघतो जी," बाबूभाई म्हणाले. पण गाडीत जीव नव्हता. ती नुकतीच कशीबशी इथवर आली होती.

"जाता कुठी? बसा. मिक्सर बिघडलाय, चटणी कराची हाये."

मिक्सर सुरू होईपर्यंत पाहुण्यांची भाड्याची गाडी येऊन थांबलीसुद्धा. मुलाचे वडील भैयाजी उतरले. पोंभुर्ण्याला त्यांचं किराणा दुकान होतं आणि बोलण्यात गिऱ्हाइकाला पारखण्याची सवय. मागून त्यांची थोरली बहीण अंजनाबाई उतरली. मुलगा प्रणित तहसील ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायचा. त्याला सकाळी थोडं काम होतं, तो त्याच्या स्कूटरनं मागून येतोय असं भैयाजींनी सांगितलं.

बाबूभाई मागच्या दारानं सटकायच्या बेतात होते, तेवढ्यात गुणाबाईनं त्यांच्या हाती पोह्यांची बशी दिली आणि छपरीतल्या खुर्चीवर बसवलं. भैयाजींची नजर घरावरून फिरली. गोठ्याजवळ नानाजींची जुनी मोटरसायकल उभी होती, तिच्या सीटवर कोंबडी बसली होती. मग नजर बोर्डाला लावलेल्या चकचकीत स्कूटरवर आली. पेटी आज बाबूभाईंनी काढून आत नेली होती आणि भोंग्यावर त्यांचा टॉवेल पडला होता.

"ही गाडी कोणाची जी?"

नानाजींनी कोंबडीकडे पाहिलं. "घरचीच हाये."

"आन् हे?"

"हे बाबूभाई. हेबी घरचेच."

दुसरं वाक्य अगदीच खोटं नाही, असं बाबूभाईंना वाटलं. मागचे कितीतरी मंगळवार ते इथेच जेवले होते. पण पहिल्या वाक्यानं पोह्यांचा चमचा बशीतच राहिला. त्यांनी नानाजींकडे पाहिलं. नानाजींनी मान फिरवली.

अंजनाबाई खुर्ची ओढून बाबूभाईंजवळ आली. "मामा, तुम्ही घरचे, तुम्हीच सांगा. पोरगी कशी हाये?"

बाबूभाईंना खोटं बोलता येत नसे, आणि खरं बोलायची वेळही क्वचित येई. विचार करून ते म्हणाले, "व्यवहाराले पक्की हाये. रिंगीचा भाव कमी केल्याशिवाय सोडत नाई."

"रिंगीचा?" अंजनाबाईचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. "म्हणजे मामा सोन्याचं काम करतात?"

"नाई जी, रबराची असते," बाबूभाई म्हणाले.

अंजनाबाई विचारात पडली. नानाजी घाईनं म्हणाले, "चहा घ्या ना बाई, थंडा होऊन राह्यला."

तेवढ्यात चंचल पाणी घेऊन आली. अंजनाबाईनं शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. चंचलनं सरळ उत्तरं दिली आणि मुलगा कुठे आहे हेही सरळच विचारलं. भैयाजींचं त्याकडे लक्ष नव्हतं. ते स्कूटरभोवती फिरत होते. टायर दाबून पाहिला, सीटवर हात फिरवला.

"बेस हाये. आमच्या प्रणितकडे एक हायेच, पण सूनबाईले येगळी लागंलच ना. आन् पोरगी सासरी गेल्यावर ही इथी ठेवून तुम्ही काय करसान?"

नानाजींनी घाईनं पोह्यांची बशी भैयाजींपुढे केली. बाबूभाईंची अवस्था त्याहून वाईट. आपली रोजीरोटी आपल्यादेखत दुसऱ्याच्या मुलीबरोबर पोंभुर्ण्याला निघाली आहे आणि आपण हातात बशी धरून बसलो आहोत, हे त्यांना सहन होईना. ते उठले. पण त्याआधीच भैयाजींनी हँडलजवळचं लाल बटण दाबलं.

भोंगा खणखणला. "कुकरची रिंग, कुकरची शिट्टी! मिक्सर, गॅस शेगडी दुरुस्त करून मिळेल! गोंडपिपरीवाले बाबूभाई आले, बाबूभाई आले!"

कोंबडी मोटरसायकलवरून उडाली. पलीकडच्या घरातून एक बाई कुकर घेऊन लगबगीनं अंगणात आली, पाहुणे पाहून तशीच परत गेली. भैयाजींना बटण बंद करता येईना. रूहीनं सगळं तीनदा सांगितलं, तेव्हा बाबूभाईंनी जाऊन भोंगा बंद केला.

"रबराची रिंग," अंजनाबाई स्वतःशीच म्हणाली.

"घरची म्हणे," भैयाजी थंड आवाजात म्हणाले.

नानाजींनी खाली बघत सांगितलं, "गाडी बाबूभाईची हाये. इथी चार्जिंगले लावते. आमची ती तिकडची. मले लाज वाटली जी, म्हणून तोंडातून निघून गेलं."

"आजच असं तं पुढं कसं?" भैयाजींनी उपरणं खांद्यावर टाकलं. ते उठणार हे सगळ्यांना दिसत होतं. गुणाबाई दाराला धरून उभी राहिली. आपण आज दुसऱ्या गावी का गेलो नाही, असं बाबूभाईंना झालं. या घराचं मीठ खाल्लेलं, आणि आपल्याच भोंग्यानं घात केला.

तेव्हा फाटकातून एक तरुण आत आला. तो स्कूटरवर बसलेला नव्हता, स्कूटर ढकलत होता. नवा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, बुटांना नाल्याचा चिखल होता. त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि पहिलं वाक्य बोलला.

"नमस्कार. इथी प्लग कुठी हाये?"

हा प्रणित.

"अरे, रात्री तं लावली होती ना तू?" अंजनाबाईनं विचारलं.

"लावली होती आत्या. सकाळी पाहतो तं पिन काढून ठेवलेली. मले वाटलं पुरंल, नाल्यापाशी बंद पडली."

अंजनाबाईनं भैयाजींकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. भैयाजींनी उपरणं खांद्यावरून काढून मांडीवर घेतलं.

"बिल पाह्यलं काय तुम्ही आमचं?" ते म्हणाले. आवाजातला थंडपणा गेला होता. "आधी दुकानाचा फ्रीज आन् घर मिळून जेवढं येत नव्हतं, तेवढं आता नुसत्या घराचं येते. मी घर चालवू काय याची गाडी चालवू?"

बाबूभाईंना राहवलं नाही. "शंभराच्या वर गेलं काय?"

"दोनशेच्याबी वर."

"अन् मंग दर चढला."

"चढला ना जी. कोणी सांगतच नाई आधी."

"आमच्याकडे तं घरात लावाचीच बंदी हाये."

"कोणाची?"

"बायकोची. मीटर तिच्या नावाचं हाये."

भैयाजी येऊन बाबूभाईंच्या शेजारी बसले. पिन काढल्याबद्दल घरात त्यांना सगळे बोलत असणार. आपलं दुखणं समजणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गुणाबाईनं ही संधी साधून पुन्हा चहा ठेवला.

बाबूभाईंनी आपली पिन काढली. "पाहुण्याची लावा," ते प्रणितला म्हणाले.

"तुमची भरली काय?"

"भरंल हळूहळू."

चंचल तांब्या घेऊन बाहेर आली. प्रणितनं सगळा तांब्या रिकामा केला, मग विचारलं, "किती वेळ लावू? तुमचं बिल वाढंल."

"पोंभुर्ण्यापर्यंत पोचसान तितकं लावा," चंचल म्हणाली. "त्याच्यावर लावलं तं पैसे द्या."

प्रणित हसला. बाबूभाईंनी अंजनाबाईकडे पाहून मान हलवली. व्यवहाराचं आपण सांगितलंच होतं.

प्रणितची पिन लागली न लागली, तोच लाइन गेली. कुठेतरी तारेवर फांदी पडली म्हणे. आता प्रणितची स्कूटर इथे टाकून जाणार कोण आणि कसं? भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर कुरकुरला, मग झाडाखाली झोपला. गुणाबाईनं आलू-वांग्याची भाजी टाकली. अंजनाबाई पदर खोचून शेंगा सोलायला बसली, आणि शेंगा सोलणाऱ्या बाईशी कसं बोलायचं हे बाबूभाईंना आता चांगलं ठाऊक होतं. त्यांनी विचारलं काहीच नाही. तिनं आपणहून सगळं सांगितलं. प्रणितला आई नव्हती, लहानपणापासून तिनंच सांभाळलं, भाऊ बोलायला कडक पण रात्री पोरगा येईपर्यंत जेवत नाही.

"मंग पिन काऊन काढते?" बाबूभाई म्हणाले.

"त्याचा जीव तिथंच अडकते," अंजनाबाई म्हणाली, "बिल पाह्यलं का झोप नाई येत त्याले."

अंगणात चंचल आणि प्रणित दोन्ही बंद स्कूटरींजवळ उभे होते. पगार किती, बदली होते काय, घरात भांडण झालं की कोण आधी बोलते, असले प्रश्न ती विचारत होती. तो प्रत्येकाला थांबून, विचार करून उत्तर देत होता. एकदा त्यानं विचारलं, "तुम्ही आल्या तं गाडी घरी लावू देसान काय?"

"दिवसा लावू," ती म्हणाली. "रात्री तुमचे बाबा उठतात."

भैयाजींनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. पण बाबूभाईंना त्यांच्या मिशीखालचं हसू दिसलं.

लाइन आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अर्ध्या तासासाठी आलेले पाहुणे दुपारचं जेवून, पुन्हा चहा पिऊन, बैलांची नावं विचारून झाले होते. निघताना भैयाजींनी नानाजींचा हात धरला.

"गाडीचं थे बोलणं मनावर घेऊ नका जी. पोरगी द्या, बस."

नानाजींनी भैयाजींऐवजी बाबूभाईंनाच मिठी मारली.

बाबूभाई जेमतेम भरलेल्या बॅटरीवर सायकलच्या वेगानं गोंडपिपरीला पोचले. दिवे लागले होते, शमीम दारात होती. उशीर का झाला, एवढंच तिनं विचारलं. "लाइन गेली होती" म्हणून ते आत जाणार होते. पण त्यांनी पेटी खाली ठेवली आणि काय झालं कोण जाणे, सगळं सांगायला बसले. कोंबडी, सोन्याच्या रिंगा, भोंगा, नाल्यातला चिखल. अंजनाबाई कान चाचपते तो प्रसंग शमीमनं दोनदा सांगायला लावला. आपल्या आवाजानं लग्न मोडता मोडता राहिलं, हे ऐकून रूहीला आनंद झाला की वाईट वाटलं ते कळलं नाही. भाकरी थंड झाल्या. इतक्या वर्षांत हा माणूस एका दमात एवढं बोलला नव्हता, आणि शमीम त्याच्याकडे असं पाहत होती जणू घरात कोणी नवीन माणूस आला आहे.

"आणखी कोणाकोणाचं माहीत हाये तुम्हाले?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचं," बाबूभाई म्हणाले.

लग्न मार्चमध्ये ठरलं. पत्रिका द्यायला नानाजी स्वतः आले, त्या जुन्या मोटरसायकलवर. मामाच्या मानाची टॉवेल-टोपी तुमचीच, असं गुणाबाईनं सांगून पाठवलं होतं. शमीमनं पत्रिका दोनदा वाचली, हिरवा सूट घालायचा की जांभळा यावर रूहीशी बोलली, मग तिला शंका आली.

"तिघं बसून एका चार्जिंगमध्ये जाणं-येणं होईल काय?"

"जाणं होईल," बाबूभाई म्हणाले. "येण्याचं तिथं पाहू. गुणाबाई काय लवकर सोडणार हाये?"