पुडिंग परत येतं

"काकी, फार विचार नको. एकच पदार्थ सांगा," साहेब म्हणाले.

साहेब म्हणजे विमानांना जेवण पुरवणाऱ्या त्या किचनचे मॅनेजर. एरवी ते वरच्या काचेच्या खोलीतून सहसा खाली उतरत नसत. आज बूट ओले करून भांडी धुण्याच्या हॉलमध्ये उभे होते. विमान कंपनीने जेवणाच्या खर्चाला कात्री लावायला सांगितली होती. म्हणजे ट्रेमधला एक पदार्थ जाणार होता.

"तिकिटाचे एवढे पैसे घेतात, आणि डोळा आमच्या वाटीवर?" काकी म्हणाली.

"विमानतळावर यायला माणूस टॅक्सीला जे देतो ना, त्याच्या पाव हिश्श्यात आपण त्याला वर जेवू घालतो. तेही त्यांना जड झालंय. परत काय येतं, बोला. सॅलड काढू?"

उतरलेल्या विमानांच्या ट्रॉल्या काकीच्या सरकत्या पट्ट्यावर रिकाम्या होत. कोणी काय संपवलं, काय नुसतं चिवडलं, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. तोंडाने फटकळ बाई, पण तिच्या शब्दाला वजन होतं. भात कोरडा झालाय असं ती म्हणाली, की आचारी वाद न घालता पाणी वाढवायचा.

सॅलडच्या टेबलावर नुकतीच एक बाई रोजंदारीवर लागली होती. पदरात दोन लहान मुलं. सॅलड गेलं तर ती घरी बसणार. आणि सॅलड लोक खात होते. परत येत होतं ते पुडिंग. एखादा चमचा खाल्लेलं, नाहीतर झाकणही न उघडलेलं. आज नाही, कधीपासून येत होतं.

आणि पुडिंग करायचा काकीचा नवरा.

अख्खं किचन त्याला पुडिंगकाका म्हणे, आणि तशी हाक आली की स्वारी खुशीत असे. घरी जाताना बसमध्ये तो रोज विचारायचा, "काय म्हणतायत आपले पाहुणे?" आणि भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारी काकी सांगायची, "चाटूनपुसून." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो दुखण्यातून उठून कामावर आला होता. उगाच कशाला त्याचं मन मोडा, असं तिला वाटलं. मग तेच चालू राहिलं. एवढं एक खोटं तिने जिवापाड सांभाळलं होतं, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती.

"पुडिंग," काकी म्हणाली.

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "नक्की, काकी?"

"मी दोनदा सांगत नाही. फक्त त्यांच्या कानावर मीच घालते. तुमच्याकडून कळायला नको."

काका वाट्यांमध्ये कॅरॅमलचा पाक ओतत होता. काकीने आडपडदा ठेवला नाही.

"पुढच्या महिन्यापासून पुडिंग बंद. मीच सांगितलं साहेबांना."

"चेष्टा करतेस?"

"परत येतं, अहो. बरंच येतं."

"आणि रोज चाटूनपुसून म्हणतेस ते?"

"ते तुमच्यासाठी म्हणायचे."

त्याने पातेलं खाली ठेवलं. त्याचा चेहरा उतरला.

"सॅलड म्हणता आलं असतं तुला."

"आलं असतं. पण ते खोटं दुसरीच्या पोटावर आलं असतं. तुम्हाला साहेब ब्रेडच्या कामावर घेतील."

"ब्रेडवर," तो म्हणाला. मग तिच्या मागोमाग धुण्याच्या हॉलमध्ये आला. इतक्या वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता. पट्ट्यावरून वाट्या येत होत्या. एक न उघडलेली त्याने उचलली, झाकण काढलं आणि चमचाभर खाल्लं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"चांगलंच असतं," काकी म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

पुढची वाटी तिने सवयीने उचलून खरकट्याच्या बादलीवर धरली. त्याने तिचा हात अडवला.

"दे इकडे. माझं आहे, मी टाकतो."

पट्ट्यावरची आपली जागा काकीने आजवर कोणाला दिली नव्हती. तिने हातमोजे काढून त्याला दिले आणि बाजूला सरकली. काका एकेक वाटी चमच्याने खरवडून बादलीत रिकामी करत होता आणि धुण्याच्या जाळीत पालथी घालत होता. कडेला जराही राहू देत नव्हता.