शंका मंगळवारीच आली होती

इंग्लंडमधल्या बीस्टनला चर्चमागच्या सभागृहात दर रविवारी दुपारी आमच्या क्लबाची टेबलं जोडली जातात, त्यांवर हिरवं कापड पसरतं आणि बोटाएवढ्या रंगीत शिपायांच्या लढाया जुंपतात. माणसं चांगली आहेत. चहा बरा असतो, अंड्याची सँडविचं त्याहून बरी. पण गेलं वर्षभर क्लबाला एक दुखणं जडलं होतं. हार्वी क्रॉम्प्टनसमोर खेळायला कुणी बसत नसे. त्याचं नाव निघालं की कुणाची पाठ धरायची, तर कुणाची सासू यायची.

हार्वी वाईट माणूस नव्हता. विम्याच्या कचेरीत तो लोकांचे दावे तपासायचा, आणि बारीक अक्षर वाचायची तिथली सवय खेळातही घेऊन यायचा. आमच्या खेळात प्रत्येक तुकडीचं एक कार्ड असतं. तुकडीने किती चालायचं, केव्हा गोळी झाडायची, हे त्यावर छापलेलं असतं. आता लिहिणारीही माणसंच, त्यामुळे एखादं वाक्य मोघम राहतं. असं वाक्य सापडलं की हार्वी ते मनात जपून ठेवायचा आणि ऐन मोक्याला बाहेर काढायचा. नियमावर बोट ठेवून तो जिंकायचा, आणि जिंकून एकटाच घरी जायचा.

त्या रविवारी ग्लेनिस बीव्हर्स पहिल्यांदा आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, त्रेसष्ट वर्षांची बाई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला होता. बोटांना वळण लागावं म्हणून डॉक्टरांनी बारीक काम करायला सांगितलं, आणि तिने शिपाई रंगवायला घेतले. चाळीस शिपाई, चौदा महिने! पहिल्या दहांची तोंडं फिसकटलेली होती. शेवटच्या दहांच्या कोटांना चक्क बटणं होती. "या वयात बाहुल्या घेऊन परक्या लोकांत कशाला हसं करून घेतेस?" असं बहिणीने निघतानाच सुनावलं होतं. ग्लेनिसने मनाशी ठरवलं होतं, आज जमलं तर दर रविवारी यायचं, नाही तर पेटी माळ्यावर टाकायची.

रिकामी खुर्ची एकच होती, हार्वीसमोरची. आम्ही कुणीही तिला सावध केलं नाही. आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो, हे कबूल करायला हवं.

खेळाआधी दोघांनी एकमेकांना कार्डं दाखवायची, अशी रीत आहे. हार्वीने दाखवली. तोफ चालवणाऱ्या त्याच्या गोलंदाजांच्या कार्डावर होतं, 'शत्रूची तुकडी सहा इंचांच्या आत येताच गोलंदाज ताबडतोब तोफ डागतील.'

"म्हणजे मी जवळ आले की तुमची तोफ एकदा उडणार, असंच ना?" ग्लेनिसने विचारलं.

"कार्डात जे लिहिलंय तेच," हार्वी म्हणाला.

ग्लेनिसने विचार करून डाव मांडला. फिसकटलेल्या तोंडांची दहा माणसं तिने पुढे काढली. मारा त्यांनी सोसायचा, आणि तोफ रिकामी झाली की मागच्या तिन्ही तुकड्यांनी धडक मारायची. डाव चांगला होता! हार्वीने फासे टाकले, तोफ उडाली. मग तिने दुसरी तुकडी पुढे सरकवली, आणि हार्वीने पुन्हा फासे उचलले.

"अहो, तोफ उडाली की आत्ताच!"

"कार्डात 'एकदा' कुठे लिहिलंय? जितक्या तुकड्या येतील तितक्या वेळा उडणार."

"पण तोफ भरायला वेळ नको?"

"ते कार्डात नाही."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "अरे, वाद आहे तर एक फासा टाका आणि पुढे चला. नियमांचं पुस्तक नंतर बघू." आमच्याकडे वाद असाच मिटवतात.

"अर्थ स्पष्ट असताना फासा कशाला?" हार्वी म्हणाला.

पाऊण तासात ग्लेनिसचे तीस शिपाई आडवे झाले. ती भांडली नाही. उजव्या हाताने सावकाश एकेक शिपाई उचलून तिने कापसात ठेवला. "तुम्हाला नियम फार छान येतात," एवढंच म्हणाली आणि पेटी घेऊन बाहेर पडली.

चहाचा कप घेऊन विल्फ ॲस्टिल त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले. वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेत सिग्नलमन होते, आणि क्लब त्यांनीच सुरू केलेला.

"काय राजा, जिंकलास?"

"जिंकलो."

"त्या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. जेवताना कार्डं वाचत होतो."

"आणि तिला कधी सांगितलंस?"

हार्वी टेबलावरचे फासे गोळा करू लागला.

"तिने तोंडाने विचारलं होतं तुला. मी ऐकलंय."

"मी खोटं बोललो नाही, विल्फ! शब्द न् शब्द कार्डातला होता. आणि माझाच अर्थ बरोबर असला तर?"

"असू दे की! मंगळवारी बरोबर असलेला अर्थ रविवारी खेळाआधी सांगायला काय धाड भरली होती? अरे, चाळीस वर्षं मी सिग्नलच्या केबिनमध्ये काढली. दिवा नीट दिसत नाही अशी शंका आली, तर गाडी यायच्या आधी कळवायचं. धडक झाल्यावर नियमांचं पुस्तक उघडणाऱ्याला आम्ही हुशार म्हणत नव्हतो. तुला बरोबर ठरायचं नव्हतं, बाळा. तुला ती खड्ड्यात पडायला हवी होती."

हार्वीचा चेहरा उतरला. तिने विचारलं होतं! इतक्या विश्वासाने विचारलं होतं, आणि उत्तर ओठांवर असताना आपण ते गिळलं! तो ताडकन उठला आणि कोट न घालताच धावत सुटला.

रविवारी बस तासाला एक, म्हणून ग्लेनिस अजून थांब्यावरच होती. पेटी मांडीवर होती.

"मला मंगळवारपासून माहीत होतं," हार्वी धापा टाकत म्हणाला. "त्या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मुद्दाम बोललो नाही. चुकलो मी. खेळ तुम्ही जिंकलात असं समजा."

"फुकटचा विजय घेऊन काय करू? कीव नकोय मला." ग्लेनिसने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पहिल्या तोफेपासून डाव पुन्हा मांडायची तयारी आहे का, ते सांगा."

"आहे!"

"मग ही पेटी धरा. जड आहे."

पुन्हा डाव मांडला. कार्डाचा अर्थ कुठला धरायचा, यासाठी हार्वीने स्वतःहून फासा तिच्या हातात दिला. कौल तिच्या बाजूने पडला. तिच्या तीन तुकड्या थेट तोफेवर जाऊन आदळल्या, सगळा क्लब टेबलाभोवती गोळा झाला, आणि शेवटी दोन शिपायांच्या फरकाने ग्लेनिस हरली. हरली, आणि पोट धरून हसली!

"तिसरी तुकडी आधी काढायला हवी होती मी. माझीच चूक," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघते तुम्हाला!"

वाचकहो, कार्ड असो, भाड्याचा करार असो की कचेरीतला अर्ज, माणसांनी लिहिलेला नियम कुठेतरी मोघम राहणारच. त्यात कुणाचा दोष नाही. पण ती फट ज्याला आधी दिसली, त्याने ती समोरच्याला आधीच दाखवावी. स्वतःच्या फायद्याची वेळ येईपर्यंत गप्प बसणं म्हणजे हुशारी नव्हे, ती फसवणूकच. हरलेला माणूस पुन्हा खेळायला येतो. फसवलेला येत नाही. आणि समोर कुणी बसलंच नाही, तर आपण जिंकणार तरी कुणाशी?