विलायती मोटारीची झडती

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण थांबा, आधी सांगा, तुम्हाला इकडं पाठवलं कोणी? भंगारवाल्यानं तर नाही ना? हल्ली तो लिंबाच्या झाडाआड उभा राहून मनातल्या मनात माझं वजन करत असतो. तुमच्या हातात पाना नाही, हातोडी नाही, हे मी बघून घेतलं आहे. तेव्हा बसा. बोनेटवर बसलात तरी चालेल, फक्त उड्या मारू नका.

माझा जन्म विलायतेतला. काळा रंग, गोल दिवे आणि चढ लागला की कुरकुरणारं इंजिन. तिथं एका पाववाल्यानं मला सहा वर्षं वापरलं आणि मग प्रमोदिनीबाईंना विकलं. तुळजापूरच्या निवृत्त मास्तरांची ही लेक बाळंतपणाचं डॉक्टरी शिक्षण घ्यायला तिकडं आली होती. "हिला गावी नेणार," असं ती म्हणाली आणि माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. धड रस्ते नसलेल्या मुलखात कोण मोटार नेतं?

माझे तिनं दिले दीड हजार रुपये. जहाजाचं भाडं सातशे. सन बावन्नमध्ये मुंबईच्या गोदीत मला दोरखंडानं बांधून खाली उतरवलं, तेव्हा वाटलं, सुटले. कसली सुटते! तिथल्या साहेबांनी खरेदीची पावती उजेडात धरून पाहिली. "इतक्या स्वस्तात मोटार मिळते? खरी किंमत सांगा." मग त्यांनीच माझी किंमत वाढवून लावली आणि तिच्यावर जकात मागितली. ती जकात पाववाल्याला दिलेल्या पैशांहून जास्त! आयातीचा परवाना होता, तर त्यावरची सही जुळेना. सही जुळली, तर इंजिनाचा नंबर वंगणाखाली दिसेना. तो घासून काढेपर्यंत गोदीतल्या जागेचं भाडं रोज चढत होतंच. शेवटी सोनं लपवलंय का म्हणून माझी मागची गादी उसवली. आत निघाला पावाचा एक वाळका तुकडा. "दोन वर्षं ही मोटार विकणार नाही," असं लिहून घेतलं, वडिलांची, म्हणजे अण्णांची, जामीन म्हणून सही घेतली आणि मग कुठं मला बाहेर सोडलं.

कुर्डुवाडीपर्यंत आगगाडीच्या उघड्या डब्यावर आले, पुढं आपल्या चाकांवर. बार्शी मागं पडली आणि हैदराबाद राज्याच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आला. बाईंचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. मुंबईची पावती बघून नाकेदार म्हणाला, "ही तिकडची झाली. इकडची कुठं हाय?" म्हणजे पुन्हा कर! मग त्यानं माझ्या आत डोकावून विचारलं, "मोटार चालवतंय कोण?"

"मीच," बाई म्हणाल्या.

"ते कळलं. पण ड्रायव्हर कुठं लपवलाय?"

बाई धाराशिवला दवाखाना काढणार होत्या. तिथं पोचेपर्यंत साडेचार हजार रुपये खर्ची पडले होते. अण्णांनी जन्मभर मास्तरकी करून साठवलेला सगळा फंड माझ्यात गेला. मित्रांनो, एवढं कोणी उगाच करतं का? मी मनाशी पक्कं केलं, ही बाई दोन वर्षं गोड वागणार आणि मुदत संपली की मला दुप्पट भावानं विकून मोकळी होणार. ती रोज सकाळी पदर खोचून माझे दिवे पुसायची. मी म्हणायचे, पुसा, पुसा, गिऱ्हाईकासाठीच ना!

आणि दोन वर्षं सरली तसं गिऱ्हाईक आलंच. नळदुर्गचे व्यापारी महालिंगप्पा, रोख आठ हजार घेऊन. विलायती मोटारी आता सहजी येत नव्हत्या. अण्णा तर हरखून गेले. "पमा, देऊन टाक बाई. माझा फंड परत येईल. म्हातारपणी मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"संध्याकाळी सांगते, अण्णा," बाई म्हणाल्या. झालं! मी म्हटलं नव्हतं?

तेवढ्यात सायकल आपटून एक माणूस धापा टाकत दवाखान्यात शिरला. बेंबळीचा रामकिसन. "बाई, माझी बायको कमल दोन दिवस झालं अडलीया. सुईणीनं हात टेकलं. चला जी!" बाईंनी पिशवी उचलली. अण्णाही माझ्यात येऊन बसले. सौदा व्हायच्या आधी ही गाडी कुठं आदळेल, असा त्यांना घोर लागला होता. मनातलं त्यांनी उघड बोलूनही दाखवलं.

बेंबळीत शिरलो, तर गाव ओस. दारं धडाधड लागली, माणसं मागच्या मागं शिवारात पळाली. सरकार सक्तीनं धान्य घ्यायचं, ती लेव्ही नुकतीच उठली होती. पण गावाचा विश्वास कुठं बसला होता? लेव्हीचे साहेब मोटारीतूनच यायचे. रामकिसननं आपल्या दाराची कडी वाजवली, तर आतून त्याची आई धुरपताबाई कडाडली, "रामक्या, घर दावायला आणलास व्हय रे त्यास्नी? दार उघडायची न्हाय म्या!"

"आई, डाक्टरीणबाई हायती!"

"म्या लई मोटारी बघितल्या. मोटार येती ती न्यायलाच येती."

आतून कमल कण्हत होती. तो आवाज बारीक होत चालला होता. बाईंनी वाद घातला नाही. माझी चारही दारं सताड उघडली, मागचं झाकण वर केलं. "मावशी, माझी झडती घ्या. तागडी सापडली, पोतं सापडलं, तर दार उघडू नका."

दार किलकिलं झालं. धुरपताबाई काठी घेऊन आली. तिनं माझ्या गाद्या चाचपल्या, बोनेट उघडायला लावलं, खाली वाकून माझं पोटसुद्धा काठीनं ढोसलं. मुंबईच्या साहेबांनीही एवढं केलं नव्हतं. काही सापडलं नाही. मग कुठं बाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "पोट कापून मूल काढावं लागेल. धाराशिवला न्यायला पाहिजे, आत्ता."

"अन् माझा ल्योक, माझी सून घेऊन तुमी निघून गेला तर?" म्हातारी दारात आडवी उभी राहिली. मग काठी अण्णांवर रोखून म्हणाली, "ह्यास्नी हितं ठेवा. सून आली की ह्ये तुमचं तुमास्नी."

बाईंचं तोंड उतरलं. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मग ते खाली उतरले, ओसरीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मुंबईत मोटारीसाठी जामीन राहिलो, इथं माणसासाठी राहतो. जा पमा, वेळ घालवू नकोस."

मी धावले. मागच्या गादीवर कमल, तिचं डोकं रामकिसनच्या मांडीवर. इंजिन तापून लाल झालं, पाणी उकळायला लागलं. पण शपथेवर सांगते, त्या दिवशी चढावर मी कुरकुरले नाही. आणखी घटकाभर उशीर झाला असता, तर आई आणि मूल दोघंही गेली असती. मुलगी झाली. मायलेकी वाचल्या.

पंधराव्या दिवशी टाके सुकल्यावर आम्ही कमलला बेंबळीला पोचवलं. तोवर अण्णा तिथंच होते! रामकिसननं निरोप आणला होता, तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय म्हातारी सोडायला तयार नव्हती. पळून जाऊ नयेत म्हणून तिनं त्यांच्या वहाणा कणगीत दडवल्या होत्या. पण रोज गरम भाकरी आणि दूध द्यायलाही चुकली नव्हती. नातीला हातात घेतल्यावर मात्र ती अण्णांच्या पाया पडली. "चुकलं माझं, मास्तर. माफी करा."

परतताना अण्णा म्हणाले, "महालिंगप्पाला नाही म्हणून कळव."

"त्यांना मी त्याच दिवशी पत्र टाकलं," बाई म्हणाल्या. "गाडी विकायची नाही, हे मी विलायतेतच ठरवलं होतं, अण्णा. तुमच्या पैशांवर उभी होते, म्हणून तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता."

मित्रांनो, मला इतकी लाज वाटली, की रस्ता दिसेना.

नंतर तीस वर्षं तिनं मला चालवलं. किती बाया माझ्या मागच्या गादीवर कण्हल्या, किती लेकरं घेऊन हसत परत गेल्या! मग तिचे हात थकले. मला लिंबाखाली उभं केलं. कधी येऊन ती माझ्या दिव्यांवरून हात फिरवायची. गेल्या वर्षापासून तीही येत नाही.

तुम्ही माझा पत्रा पुसलात, मला ऊनपावसातून आडोशाला नेलंत, तर उपकार होतील. पण मागायचं आहे ते दुसरंच. संशय आला तर झडती जरूर घ्या. काही सापडलं नाही तर दार उघडा, आणि उशीर लावू नका. आणि चुकलं असेल तर धुरपताबाईसारखं तोंडावर म्हणून टाका. तुम्हाला तोंड आहे. मला नुसता हॉर्न होता, आणि तो दाबायचीही तीच.