सांध्यावरचं हसू

न्यूज चॅनेलच्या एडिटिंगच्या खोलीत तिला सगळे कात्री म्हणायचे. काम काय, तर माणसाचं लांबलेलं बोलणं कापायचं. कापलं तिथे चित्र उडी मारतं, म्हणून त्या सांध्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा चिकटवायचा. तो चेहरा कॅमेरावाले बोलणं संपल्यावर वेगळा टिपून आणतात. बातम्यांत जी सहानुभूतीनं हलणारी मान दिसते ना, ती पुष्कळदा मागाहून हलवलेली असते.

त्या दिवशी कारखान्याचं छप्पर कोसळून मेलेल्या कामगाराच्या आईला भेटायला एक उमेदवार गेली होती. जन्मभर नर्स म्हणून राबलेली, पहिल्यांदाच निवडणुकीला उभी राहिलेली बाई. आई रडत रडत बोलली. कात्रीनं मधलं कापलं आणि सांध्यावर बाईंचा चेहरा लावला. घाई मानेवर बसलेली, आवाज बंद, चित्र तळहाताएवढं. केस तोंडावर आलेले, ओठ ताणलेले. तिला वाटलं, हुंदका आहे.

बातमी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागली आणि तिनं मान वर केली. बाई चक्क हसत होत्या.

"कात्री, सोनं शोधलंस!" बातम्यांचे साहेब धावत आले. "आई रडतेय आणि ही दात काढतेय! मतदान तोंडावर आणि असा माल!"

"साहेब, ते हसू तिथलं नाही. माझ्याकडून चुकून लागलं."

"हसली की नाही?"

"हसल्या, पण…"

"मग चूक कसली? जा, मोठं करून दे."

तिनं नाही दिलं. दुसऱ्या कुणी दिलं. या धंद्यात खोटं बोलायची गरजच पडत नाही. खरं कुठे चिकटवायचं ते कळलं की भागतं. संध्याकाळपर्यंत ते हसू घराघरात पोचलं. लोक थुंकले. ज्यांनी बाईंच्या हातून कधी इंजेक्शन घेतलं होतं, तेही.

कात्रीनं मूळ चित्रण आवाजासकट लावलं. बोलणं संपलेलं. माइकची वायर बाईंच्या केसात गुंतलेली, आणि ती आईच सोडवत होती. "बघणाऱ्यांना वाटेल, मी तुमच्या उवा काढतेय," डोळे पुसत आई म्हणाली. त्यावर दोघी हसल्या होत्या. चित्रात फक्त एक होती.

तिनं बाईंना फोन लावला.

"तुम्ही हसला नव्हता, बाई. म्हणजे तेव्हा नव्हता."

पलीकडून थकलेला आवाज आला, "हसले असेन गं पोरी. इतक्यांदा पाहिलं की आता मला तसंच आठवतंय. माझ्या माणसांनी माफी मागायला लावली. मागून झाली."

ती माफी कात्रीच्याच टेबलावर येऊन पडली, छोटी करून द्यायला. तिनं माफी बाजूला सारली. आईचं सगळं बोलणं, त्यानंतरची वायर, उवा, हसू, काहीही न कापता बातम्यांत सोडलं. खाली लिहिलं : आधीची बातमी जोडताना आमची चूक झाली.

साहेब लालबुंद होऊन आले. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. चूक माझी होती."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. शिव्या द्यायला उघडलेलं तोंड हळूच मिटलं. "थांब. हसली नाही, तर माफी का मागितली? म्हणजे मतदारांशी खोटं बोलली! लाल पट्टी कर : माफीचं नाटक!"

"ती तुम्हीच करा," कात्री म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "उद्यापासून सांधेही तुम्हीच झाका."

जिन्यात फोन वाजला. बाई होत्या.

"पोरी, पाहिलं. ती आई बोलत होती तेव्हा मी तिचा हात धरला होता. शेवटपर्यंत सोडलाच नव्हता गं."

"नव्हता सोडला, बाई."

"मला वाटायला लागलं होतं, मी अशीच आहे की काय…" आवाज फुटला. मागे त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. नव्या पट्टीचा ढणढणाट सुरू झाला होता.

"टीव्ही बंद करा बाई," कात्री म्हणाली. "मी येतेय तुमच्याकडे."