नकाशा जुळत नाही

एकाच प्रेताकडे बघून एक डॉक्टर विष म्हणाला आणि दुसरा गळफास, तर लोक दोघांनाही बदडतील. संगणकाच्या धंद्यात कुणी कुणाला बदडत नाही. म्हणून तर तो इतका माजलाय.

कारखान्यातलं पत्रा कापायचं यंत्र भर दुपारी बिघडलं. ते चालवणारा प्रोग्राम कोसळला, थांबायला हवं होतं ते पातं खाली आलं आणि एका कामगाराची बोटं पत्र्याबरोबर गेली. कोसळताना प्रोग्रामने आपली सगळी मेमरी एका फायलीत ओतून ठेवली होती. तिला डंप म्हणतात. ती फाइल दोघींकडे आली, कारण प्रोग्राम दोघींनी लिहिलेला: थोरल्या जावेने, म्हणजे वहिनींनी, पात्याच्या वेगाचा भाग, धाकटीने ब्रेकचा. एका घरात, एका ओट्यापाशी आणि वर एकाच ऑफिसात. देवाला दुसरे उद्योग नसतात.

डंप डीबगरमध्ये, म्हणजे चूक शोधायच्या प्रोग्राममध्ये, उघडायचा, की कुठल्या ओळीवर प्राण गेला ते तो सांगतो. थोरलीच्या संगणकावर त्याने धाकटीचा ब्रेक दाखवला. धाकटीच्या संगणकावर त्याच डीबगरने, त्याच डंपमधून, थोरलीचा वेग दाखवला.

ऑफिसच्या मालकाला डंप म्हणजे कचऱ्याची गाडी, एवढंच ठाऊक. त्याने सांगितलं, कारखान्याला शुक्रवारी एक नाव द्यायचंय, एकीचंच, आणि ती घरी जाईल. वर म्हणाला, जावा-जावा आहात, भांडायला शिकवावं लागणार नाही.

घरी जाणं म्हणजे काय, हे धाकटीला चांगलं ठाऊक होतं. नोकरीआधी ती त्या घरात सगळ्यांची उष्टी काढायची, सासऱ्यांचे पाय चेपायची, आणि नवरा पाहुण्यांना सांगायचा, ही काय, घरीच असते. वहिनींनी ऑफिसात शब्द टाकला म्हणून तिला नोकरी लागली. त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला पहिल्यांदा विचारलं होतं, "भाजी कुठली करू गं?" एवढ्याशा प्रश्नासाठी माणूस काय काय करेल, हे ज्याला कुणी तो कधी विचारला नाही त्यालाच कळतं.

ती कामाला भिडली. डंप पुन्हा कॉपी केला, मूळ फायलीशी ताडून पाहिला, डीबगर काढून नव्याने टाकला. फरक पडेना. शेवटी ती ऑफिसातल्या तपासनिसाकडे गेली. प्रत्येक गोष्टीवर शंका घेण्याचाच त्याला पगार, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत. त्याच्या संगणकावर डंप उघडला तर नावंच दिसेनात, नुसते आकडे, आणि खाली एक ओळ: नकाशा जुळत नाही.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डंपात नावं नसतातच, नुसते पत्ते असतात. कुठला पत्ता कुणाच्या कोडचा, हे वेगळ्या फायलीत असतं, तोच नकाशा. प्रोग्राम नव्याने बांधला की घरं सरकतात आणि नकाशा बदलतो. कारखान्याला माल दिल्यावर दोघींनी आपापल्या संगणकावर तो कितीदा तरी बांधला होता. दोघींचे नकाशे दोन, आणि दोन्ही त्या दिवशीचे नव्हेत. डीबगर हे ओरडून सांगतो. पण दोघींनी त्याचं तोंड बांधलं होतं. पहिल्याच दिवशी वहिनींनी तिच्याकडून एका चौकटीत खूण करून घेतली होती: जुळत नसला तरी चढव. "सारखी कटकट करतं मेलं. चालवून घे." भाजीत मीठ कमी पडलं तरी वहिनी हेच म्हणायच्या.

माल दिला त्या दिवशीचा नकाशा शंकासुराच्या एका जुन्या डिस्कवर होता, आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. घेऊन जा, पण परत आण, म्हणाला.

नकाशा निमूट जुळला. डीबगर हूं की चूं न करता उघडला आणि त्याने नाव दाखवलं. ब्रेक. धाकटीचा. सेन्सरची माहिती जिथे ठेवली होती ती मेमरी तिच्या कोडने आधीच सोडून दिली होती, आणि मग तो पुन्हा तिथेच वाचायला गेला. हात दाखवून अवलक्षण. वहिनींचा चुकीचा नकाशा चुकून खरं बोलला होता.

ती स्क्रीनकडे बघत बसली. मग तिने डिस्क पुसली आणि शंकासुराला सांगितलं, वाचताच येत नाही, मेलीय बहुतेक. जगावर शंका घेणाऱ्या त्या माणसाने एवढ्यावर घेतली नाही.

शुक्रवारी तिने मालकाला जबरदस्तीने चढवलेल्या नकाशांची गोष्ट सांगितली, आणि ही सवय वहिनींनी लावली हेही. मी माझी खूण काढलीय, म्हणजे जुळणाराच नकाशा चढतो, तरी वेगाचाच भाग दिसतोय, म्हणाली. मालकाने येऊन पाहिलं. चौकट रिकामी होती आणि स्क्रीनवर थोरलीचा वेग होता. नकाशा आधी चढवून खूण मागाहून काढली, तर चढलेला नकाशा उतरत नाही. हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं.

"पुन्हा चढव," वहिनी म्हणाल्या. "बंद कर आणि माझ्यासमोर पुन्हा उघड."

मालक म्हणाला, पुरे. वहिनींनी टेबल आवरलं.

घरी सासूबाईंनी काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर खरकटी भांडी वहिनींच्या पुढ्यात सरकवली, बस्स. धाकटी पाणी प्यायला आत गेली तेव्हा वहिनी मान वर न करता बोलल्या.

"खरा नकाशा मिळाला ना तुला?"

"कुठला नकाशा?"

"मिळाला. तुझी चूक नसती निघाली तर तो घेऊन नाचली असतीस." त्यांनी कढई पालथी घातली. "माझं जे झालं ते झालं. ब्रेक तेवढा दुरुस्त कर. बाकीच्या कारखान्यांतली यंत्रं चालू आहेत अजून."

कढईच्या तळाला अजून चिकटलंय, एवढं दाखवून धाकटी बाहेर आली.

मालकाने वेगाचा भाग दुरुस्त करायला तिलाच दिला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. वहिनींचं काम आरशासारखं साफ. तिने चांगल्या ओळी मोडून तशाच नव्या लिहिल्या आणि वर शेरा मारला: दोष काढला. ब्रेकची फाइल तिने एकदा उघडली. एका ओळीचं काम होतं. पण बदललेली प्रत्येक ओळ शंकासुरापुढे जायची, आणि तो विचारणारच, दोष वेगात होता तर ब्रेकला हात का लावला?

तिने फाइल बंद केली. जेवणाच्या सुट्टीआधी सुधारलेला प्रोग्राम सगळ्या कारखान्यांना गेला. मालकाने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. संध्याकाळी दारातच सासूबाईंनी विचारलं, भाजी कुठली करायला सांगू तिला?

धाकटीने चपला काढता काढता सांगितलं.